चुकीला तिचे नाव राहू द्या

गेल्या नोव्हेंबरात आमच्या शेजारच्या काकूंनी हयातीच्या दाखल्यासाठी तीन खेपा घातल्या. तिन्ही वेळा पडद्यावर एकच ओळ आली : ‘काहीतरी चूक झाली, पुन्हा प्रयत्न करा.’ चौथ्यांदा मी सोबत गेले. दोन नोंदींत त्यांच्या आडनावाचे स्पेलिंग वेगवेगळे होते. शंभरदा प्रयत्न केला असता, तरी ते जुळणार नव्हते.

मी वीस वर्षे सॉफ्टवेअर लिहिते आहे, त्यामुळे ही ओळ कुठून येते ते मला ठाऊक आहे. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत ‘एक्सेप्ट एक्सेप्शन’ लिहिले की जवळपास सगळ्या चुका एकाच जाळ्यात येतात. फाइल सापडली नाही तर ‘फाइलनॉटफाउंडएरर’, आकड्याच्या जागी अक्षरे आली तर ‘व्हॅल्यूएरर’, असे नाव भाषेने प्रत्येकीला दिलेले असते. आपण ते पुसतो आणि ‘काहीतरी’ लिहितो. मीही हे केले आहे. पगाराची एक प्रणाली रात्री बंद पडली, लॉगमध्ये नुसते ‘एरर’. पहाटे कळले, डिस्क भरली होती. प्रकार नोंदवला असता तर दहा मिनिटांचे काम होते.

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातून एरियन ५ रॉकेट पहिल्यांदा झेपावले. वेगाशी संबंधित एक मोठी संख्या १६ बिटांत मावली नाही, एक्सेप्शन आले आणि दिशा सांगणारी यंत्रणा बंद पडली. जाता जाता तिने बिघाडाची माहिती पाठवली. मुख्य संगणकाने तीच उड्डाणाची आकडेवारी समजून वाचली आणि नोझल वळवले. सुमारे ४० सेकंदांत रॉकेटचे तुकडे झाले. चूक कळवली गेली होती, पण ती चूक आहे हे ओळखलेच गेले नाही.

म्हणून माझ्या तरुण सहकाऱ्यांना सांगते : जिच्यावर उपाय माहीत आहे तीच चूक पकडा. बाकीच्या वर जाऊ द्या, आणि तिथे प्रकार व ट्रेसबॅक (चूक कोडमध्ये कुठून आली त्याचा माग) यांसह नोंदवा. काकूंना ट्रेसबॅक नको. ‘आडनाव जुळत नाही, ओळखपत्र घेऊन या’ एवढे त्यांना पुरले असते.

आणि अधिकाऱ्यांना विनंती : प्रणाली ताब्यात घेण्याआधी कंत्राटदारासमोर नेटवर्क तोडा, मुद्दाम चुकीचे आडनाव भरा, आणि पडद्यावर काय उमटते ते स्वतः वाचा. दोन्ही वेळा तीच ओळ आली, तर सही करू नका.