काढलंत ते बरं केलंत, पण कारण कोण सांगणार?



आज जरा रागातच लिहायला बसलोय. तेव्हा शब्द थोडे तिखट लागले तर सांभाळून घ्या. पण लिहिल्याशिवाय जेवण गोड लागणार नाही, म्हणून लिहितो.

गेल्या महिन्यात आमच्या डोणगावच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लग्नपत्रिका आली. ग्रुप अगदी साधा. नळाला पाणी कधी येणार, मेहकरच्या बाजारात सोयाबीन काय भावाने गेलं, कुणाची गाय सुटली, कोण वारलं आणि अंत्ययात्रा किती वाजता, हेच विषय. आता ही पत्रिका म्हणजे फोटो नव्हता, पीडीएफही नव्हती. फाईलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' होतं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो: एपीके म्हणजे पत्रिका नव्हे, ते फोनमध्ये शिरणारं अ‍ॅप असतं. ते उघडलं आणि मागेल ती परवानगी दिली, की तुमचे ओटीपीचे मेसेज तिकडच्या भामट्याला वाचता येतात. वर तुमच्याच नावाने तीच पत्रिका तुमच्या सोयऱ्याधायऱ्यांना जाते.

पाठवणारे आमच्या गल्लीतले एक सत्तरीचे गृहस्थ. म्हणजे नाव त्यांचं; त्यांनी बिचाऱ्यांनी काहीच पाठवलं नव्हतं. त्यांचाच फोन आदल्या रात्री फसला होता. सकाळी साडेसातला आलेली ती फाईल रात्री नऊपर्यंत ग्रुपवर तशीच पडून होती. दोघांनी खाली लिहिलं, 'उघडू नका.' पण वर चढून वाचतो कोण? दुपारी एका बाईंनी उघडली. लग्न कुणाचं ते पाहावं म्हणून. बचत गटाच्या हप्त्यासाठी ठेवलेले अकरा हजार रुपये गेले.

रात्री अ‍ॅडमिन साहेब जागे झाले. त्यांनी फाईल काढली आणि फाईलबरोबर त्या गृहस्थांनाही काढलं. कारण नाही, फोन नाही, ग्रुपवर एक ओळ नाही. दुसऱ्या दिवसापासून ते गृहस्थ पारावर यायचे थांबले. मी घरी गेलो तर म्हणाले, "गुरुजी, साऱ्या गावानं मले चोर ठरवलं."

अ‍ॅडमिन माझाच विद्यार्थी. फोन केला. त्याचं उत्तर जसंच्या तसं देतो: "सर, तुमी काहून मनाला लावून घेता? कोर्टानंच सांगेल हाय ना, अ‍ॅडमिनवर जबाबदारी नसते म्हनून. आन् काढाचा अधिकार तर आपला हायेच!"

वाचा परत. जबाबदारी नाही, अधिकार मात्र आहे! हे एकच वाक्य माझ्या डोक्यात गेले तीन आठवडे घण घालतंय. आणि ते फक्त त्या पोराचं नाही, आजकाल जो कुणी दारावर बसतो त्या प्रत्येकाचं झालंय.

आधी कोर्टाचं बघू. तो निकाल आपल्याच नागपूर खंडपीठाचा आहे, १ मार्च २०२१ चा. न्यायमूर्ती झेड. ए. हक आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांचा. प्रकरण गोंदिया जिल्ह्यातलं, अर्जुनी मोरगावचं. २०१६ साली एका ग्रुपवर एका सदस्याने एका महिला सदस्याबद्दल घाणेरडी भाषा वापरली. अ‍ॅडमिनने त्या सदस्याला काढलं नाही, माफी मागायलाही सांगितलं नाही, उलट आपण हतबल आहोत असं म्हटलं, अशी तक्रार होती. पोलिसांनी अ‍ॅडमिनवरही गुन्हा दाखल केला. कोर्टाने तो रद्द केला. का? तर अ‍ॅडमिनला माणूस घेता येतो आणि काढता येतो, पण कोण काय लिहिणार हे लिहिण्याआधी अडवता येत नाही. दोघांचा आधीपासून ठरलेला कट असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर दुसऱ्याच्या लिहिण्याचा गुन्हा याच्या माथी मारता येणार नाही.

निकाल मला पूर्ण पटतो. दुसऱ्याच्या पापाची शिक्षा तिसऱ्याला देऊ नये हे तर मी पाचवीच्या वर्गातसुद्धा पाळत आलो. पण गुन्हा नाही याचा अर्थ जबाबदारी नाही असा कुठल्या शाळेत शिकवतात? वाटेवर पडलेला म्हातारा उचलला नाही म्हणून पोलीस धरत नाहीत, म्हणून काय तो ओलांडून जायचा? कोर्टाने सांगितलं ते एवढंच, की अ‍ॅडमिनला तुरुंगात टाकता येणार नाही. त्या बाईंबद्दल वाईट लिहिलेलं दिसत असताना हात बांधून बसावं, असं कोर्टाने कुठेही शिकवलेलं नाही. आणि २०१६ ला अ‍ॅडमिनच्या हातात नव्हतं ते आता आहे. २०२२ पासून दुसऱ्याने टाकलेला मेसेजही अ‍ॅडमिनला सगळ्यांसाठी पुसता येतो. म्हणजे हतबल ही सबबसुद्धा उरली नाही.

हात बांधून बसल्याने काय होतं ते आपण महाराष्ट्रात पाहिलंय. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा फोनाफोनांतून फिरत होती. बाजाराच्या दिवशी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. त्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने आपल्या देशात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं बंधन घातलं. पुढे एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेल्या मेसेजला एकाच ठिकाणचं बंधन आलं. चांगलंच झालं. पण माझ्या मनात येतं ते असं, की तो मेसेज ज्या ज्या ग्रुपवरून गेला तिथे प्रत्येक ठिकाणी एक अ‍ॅडमिन होता. 'हे खरं कशावरून?' एवढे तीन शब्द लिहायला काय लागत होतं?

आता काही जण म्हणतील, गुरुजी, म्हणूनच आम्ही ग्रुपला कुलूप लावतो. फक्त अ‍ॅडमिन लिहील, बाकीच्यांनी वाचावं. ९ नोव्हेंबर २०१९ ला अयोध्येचा निकाल लागला त्या दिवशी कितीतरी ग्रुपांना अशी कुलपं लागली होती. एक-दोन दिवसांसाठी समजू शकतो. पण कायमचं कुलूप म्हणजे वर्गात गोंगाट होतो म्हणून साऱ्या पोरांच्या तोंडाला फडकं बांधण्यासारखं आहे. गोंगाट थांबतो, शिक्षणही थांबतं.

आणि जास्त अडवण्याचे परिणामही आपल्याच राज्याने भोगलेत. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले. मुंबई बंद होती. पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर बंदबद्दल प्रश्न विचारला, दुसरीने त्याला 'लाईक' केलं. दोघींना अटक! त्यात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. काय आक्षेपार्ह आणि काय नाही हेच त्यात धड सांगितलेलं नव्हतं. नियम गुळमुळीत ठेवला की दारावरचा माणूस म्हणेल तो नियम होतो.

म्हणजे मोकळं सोडलं तर राईनपाडा, आवळलं तर पालघर. मग करायचं काय? मला वाटतं चूक सोडण्यात किंवा आवळण्यात नाहीच. चूक आहे ती उत्तर न देण्यात.

शाळेतला मॉनिटर आठवा. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचा. त्यात लबाडी चालायची, मित्राचं नाव गाळायचं, भांडण झालेल्याचं घालायचं. पण नाव फळ्यावर असायचं! सगळ्यांना दिसायचं. 'सर, मी बोललोच नाही' म्हणून उभं राहता यायचं. मी चारदा तरी मॉनिटरलाच बाकावर उभं केलं असेल. आमच्या तरुणपणी मासिकाला कथा पाठवली की पाकिटात 'साभार परत'ची चिठ्ठी यायची. वाईट वाटायचं, पण नाकारलं एवढं तरी कळायचं. आता फळा नाही, चिठ्ठी नाही. माणूस नुसता नाहीसा होतो.

गावातल्या अ‍ॅडमिनची ही तऱ्हा, तर मोठ्या कंपन्यांची त्याहून भारी. दोन वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या तुकडीच्या स्नेहमेळाव्याचं निमंत्रण मी एकाच दिवशी शंभर-सव्वाशे विद्यार्थ्यांना ई-मेलने पाठवलं. कंपनीचं नाव घेत नाही. त्यांच्या यंत्राला वाटलं हा कुणी जाहिरातवाला. खातं बंद! यंत्राने संशय घेतला यात मला राग नाही. तेवढी पत्रं भामटेही पाठवतात, यंत्राने तरी माणूस कसा ओळखावा? राग पुढचाच. खातं परत हवं तर जुन्या मोबाईल नंबरवर आलेला आकडा टाका म्हणे. तो नंबर मी केव्हाच सोडलेला. बंद नंबर किमान नव्वद दिवसांनी दुसऱ्या ग्राहकाला देता येतो. म्हणजे माझ्या खात्याची किल्ली आता कुणा अनोळखी माणसाच्या खिशात! चार अर्ज केले. चारही वेळा अक्षरशः तेच उत्तर, स्वल्पविरामासकट. अकरा वर्षांची पत्रं गेली. धाकट्या बहिणीची शेवटची पत्रं त्यातच होती.

सरकारने काही केलं नाही असं नाही. फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनी या कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमायला लावला. चोवीस तासांत पोच आणि पंधरा दिवसांत निकाल, अशी मुदत तेव्हा घातली. तिथे समाधान झालं नाही तर दाद मागायला जानेवारी २०२३ मध्ये तीन अपील समित्या नेमल्या. पण अपिलात लढायला आधी कारण हातात पाहिजे ना? 'आमच्या धोरणाचा भंग झाला' हे कारण नव्हे. हे म्हणजे प्रगतिपुस्तकात 'नापास' लिहायचं आणि विषय सांगायचा नाही.

कुणी म्हणेल, एका ग्रुपमधून काढलं तर एवढं काय आभाळ कोसळलं? तर ऐका. पाण्याची वेळ तिथे कळते, रेशनचं धान्य आलेलं तिथे कळतं, मयत तिथे कळते. त्यातून माणूस वगळला तर त्याला आपण जुन्या भाषेत काय म्हणायचो? वाळीत टाकणं. सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली कायदा करणारं आपलं राज्य. ग्रुपमधून काढणं म्हणजे तो गुन्हा झाला असं मी म्हणत नाही. पण वळण तेच आहे, आणि वळण सुरुवातीलाच मोडलेलं बरं.

माझं मागणं फार नाही. घाण, फसवणूक, अफवा दिसली की ताबडतोब काढा. रात्री नऊची वाट पाहू नका. एकटा माणूस चोवीस तास जागा राहू शकत नाही हे मलाही कळतं, म्हणून अ‍ॅडमिन तिघे-चौघे करा, आणि त्यात एखादी बाई असू द्या. काढलं की का काढलं ते सगळ्यांदेखत लिहा. ज्याला काढलं त्याला फोन करून त्याची बाजू ऐका. चूक आपली निघाली तर तितक्याच उघडपणे परत घ्या. आणि पैसे गेले तर लाजून घरात बसू नका. १९३० हा नंबर त्यासाठीच आहे, जितक्या लवकर लावाल तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

हे सगळं मी त्या अ‍ॅडमिनला सांगितलं. तो म्हणाला, "सर, मले याचा पगार भेटते का?" खरं आहे बाबा, नाही मिळत. मॉनिटरलाही मिळत नव्हता. पण मॉनिटरला खडू आम्ही देत होतो आणि जाबही आम्ही विचारत होतो. ज्याला जाब द्यायचा नाही त्याने खडू खाली ठेवावा.

परवा त्याने त्या गृहस्थांना परत घेतलं. तेही गुपचूप, एक शब्द न लिहिता. ते अजून पारावर आलेले नाहीत. त्या बाईंचे अकरा हजारही अजून आलेले नाहीत.

असो. पुणे-नाशिकची मंडळी आणि तिकडे परदेशात असलेली आपली पोरं, तुमच्या ग्रुपांत माणूस काढला की कारण सांगतात का, ते मला जरूर कळवा. आणि आपल्या घरच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन कोण आहे ते मला माहीत आहे. मागच्या दिवाळीत मावशींना का काढलं होतं, त्याचं उत्तर अजून यायचंय!