मिसळणाच्या डब्यातले भाऊबंद
(सदर : घरचे विज्ञान)



उन्हाळा आला की मंडळाच्या सहली सुरू होतात, आणि पार्कातल्या पायवाटेच्या कडेला पांढऱ्या फुलांच्या छत्र्या धरून उभी असलेली उंच झुडपे दिसू लागतात. कुणीतरी म्हणतेच, "अगदी कोथिंबिरीच्या फुलांसारखी आहेत, नाही?" ही ओळख चुकीची नाही, पण ती अपुरी आहे, आणि इथे अमेरिकेत अशी अपुरी ओळख जिवावर बेतू शकते. म्हणून या वेळी वनस्पतींची कुळे कशी ठरवतात ते पाहू. साहित्य घरचेच : मिसळणाचा डबा आणि मुलांच्या खेळण्यातले भिंग.

जिरे, धणे, ओवा, शहाजिरे, बडीशेप आणि बाळंतशेप ही सगळी एकाच कुळातली. गाजर त्यातलेच, आणि ज्याच्या मुळाच्या चिकापासून हिंग मिळतो ते झाडही त्यातलेच. या कुळात साडेतीन हजारांहून अधिक जाती आहेत. त्यांचा फुलोरा छत्रीसारखा असतो : एकाच बिंदूतून काड्या फुटतात आणि त्यांच्या टोकांना बारीक, पाच पाकळ्यांची फुले येतात. आपली शास्त्रीय पुस्तके याला चामरकल्प फुलोरा म्हणतात. पानाचा देठ तळाशी पसरट होऊन खोडाला कवटाळतो. खोड बहुधा पोकळ असते.

पण छत्री सगळ्यांचीच सारखी. मग भाऊ वेगळे कसे ओळखायचे? ऑक्सफर्डचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट मॉरिसन यांनी १६७२ साली या एकाच कुळावर ग्रंथ लिहिला आणि उत्तर दिले : फळावरून.

आपण ज्याला जिऱ्याचे किंवा बडीशेपेचे 'बी' म्हणतो ते खरे तर अर्धे फळ. फळ पिकले की उभे दुभंगते आणि त्याच्या दोन फाका होतात. धण्याच्या फाका मात्र एकमेकींना धरून राहतात, म्हणून धणा गोल दिसतो. तो हलका भरडला की दोन वाट्या सुट्या होतात. प्रत्येक फाकेवर पाच मुख्य उभे कंगोरे असतात. बडीशेप आणि बाळंतशेप भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवा. बडीशेपेची फाक भरीव, तर बाळंतशेपेची चपटी आणि कडेला पातळ पंख असलेली दिसेल.

आता आतली रचना. बडीशेप रात्रभर भिजवून मोठ्या माणसाने ती ब्लेडने आडवी कापावी. सालीत गडद ठिपके दिसतील : पाठीकडे चार, पोटाकडे दोन. या तेलाच्या नळ्या. धण्याच्या फाकेत पोटाकडच्या दोनच ठळक असतात. तेल असे आत कोंडलेले असते, म्हणून जिरे भाजावे किंवा कुटावे लागते. उलट तुळस, पुदिना आणि कुंडीतला पानओवा यांचे तेल पानावरच्या सूक्ष्म केसांत असते. पान नुसते चुरडले तरी घमघमाट!

पानओव्याचा वास ओव्यासारखा, पण तो तुळशीच्या कुळातला. पाने समोरासमोर, फुले ओठांसारखी. बडीशेप आणि चक्रीफूल यांच्या वासाचे मुख्य द्रव्य एकच, अ‍ॅनिथॉल. तरी चांदणीसारख्या फळाच्या त्या झाडाचे कूळ अगदी दूरचे. आम्ही रसायनवाले वासाला फार मानतो, पण नाते ठरवताना वासाची साक्ष एकटी चालत नाही.

फळाचीही साक्ष शेवटची नव्हे. १९९० नंतर डीएनएवरून नाती तपासली गेली, तेव्हा हे कूळ टिकले. पण फळांवरून पाडलेले बरेच पोटगट मोडावे लागले, कारण सारखे पंख आणि सारखे कंगोरे दूरच्या शाखांतही स्वतंत्रपणे उपजले होते.

आता पायवाटेकडे येऊ. इ. स. पूर्व ३९९ मध्ये सॉक्रेटिसला ज्या हेमलॉकचा प्याला दिला, ते याच कुळातले. युरोपातून आलेले हे झाड आज अमेरिकेत रस्त्याकडेला आणि ओढ्याकाठी सर्रास वाढते. छत्री तीच, पाने गाजरासारखी. खोड मात्र गुळगुळीत, बिनकेसांचे आणि त्यावर जांभळे डाग. त्याच्या शेजारी उगवणाऱ्या रानगाजराचे खोड केसाळ, बिनडागांचे. हेमलॉकच्या फळाचे कंगोरे नागमोडी, आणि पिकलेल्या फळात त्या तेलाच्या नळ्या दिसत नाहीत. त्याचे विष कोनाईन. १८८६ साली लाडेनबुर्ग यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. अल्कलॉइड कृत्रिमरीत्या बनवण्याची ती पहिलीच वेळ.

कूळ कळले म्हणजे झाड खाण्याजोगे ठरले असे नाही. धणे आणि हेमलॉक भाऊबंदच आहेत. तेव्हा घरोघरी तीन नियम पाळावेत :

१. पांढऱ्या छत्रीचे कोणतेही रानटी झाड चाखू नये, डाग दिसोत वा न दिसोत.

२. पोकळ खोडाच्या पिपाण्या मुलांना करू देऊ नयेत.

३. परसातल्या कोथिंबिरीच्या वाफ्यात आपण न पेरलेले रोप दिसले, तर हातमोजे घालून मुळासकट उपटावे. ते जाळू नये.

पोटात गेल्याची शंका जरी आली, तरी लक्षणांची वाट न पाहता विषबाधा केंद्राला १-८००-२२२-१२२२ वर फोन करावा. माणूस बेशुद्ध असेल किंवा श्वासाला त्रास होत असेल तर थेट ९११.

मराठी शाळेच्या पालकांनी एका रविवारी डब्यातले सहाही जिन्नस कागदावर मांडून मुलांना भिंग द्यावे आणि प्रत्येकाचे चित्र काढायला सांगावे. नावे मराठीत लिहायला लावावीत, म्हणजे दोन विषयांचा अभ्यास एकाच बैठकीत होईल.

पुढच्या अंकी : हळद आणि आले. जमिनीखाली वाढते ते मूळ की खोड?