आठ गोलांचा हिशेब

ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींची विश्वचषक फुटबॉल स्पर्धा भारतात भरली. भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई येथे सोळा देशांच्या मुली खेळल्या. भारत या स्पर्धेत प्रथमच उतरला होता आणि तोही पात्रता सिद्ध करून नव्हे, तर यजमान म्हणून. ११ ऑक्टोबरला भुवनेश्वरच्या कलिंग मैदानावर अमेरिकेने आपल्याला ८-० असे हरविले; १४ तारखेला मोरोक्कोने ३-० आणि १७ तारखेला ब्राझीलने ५-०. तीन सामन्यांत सोळा गोल स्वीकारले, एकही करता आला नाही. पहिल्या आठवड्यातच यजमानांचे आव्हान संपले.

रावेरसारख्या तालुक्याच्या गावी बसून हे सामने पडद्यावर पाहणाऱ्या फुटबॉलप्रेमीच्या मनावर या पहिल्या आठवड्याने ठसा उमटविला तो पराभवाचा नव्हे, अंतराचा. अमेरिकेच्या मुली चेंडू येण्यापूर्वीच पुढची मोकळी जागा हेरीत. आपल्या मुली चेंडू पायाशी आल्यावर ती शोधू लागत. हा फरक बुद्धीचा नाही, धैर्याचाही नाही. आठवा गोल झाल्यावरही आपल्या मुली धावत होत्या. फरक आहे तो लहानपणापासून मैदानावर घालविलेल्या तासांचा. आणि हे तास कोणाला मिळतात, कोणाला मिळत नाहीत, हा प्रश्न खेळाचा नसून समाजव्यवस्थेचा आहे.

आपल्या गटातील तीन प्रतिस्पर्ध्यांकडेच पाहावे. अमेरिकेत १९७२ साली कायदा झाला आणि सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत मुलींना डावलणे बेकायदा ठरले. शाळा-महाविद्यालयांची मैदाने मुलींना खुली झाली ती या कायद्याच्या बळावर. ब्राझील हा फुटबॉलचा देश. पण तेथे १९४१ पासून १९७९ पर्यंत स्त्रियांना हा खेळ कायद्यानेच वर्ज्य होता. ती बंदी मोडून काढणाऱ्या स्त्रियांच्या नाती आज जगाशी झुंजत आहेत. अमेरिकेचे वैभव आपल्यापाशी नाही, असे कोणी म्हणेल. मग मोरोक्कोचे काय? तो श्रीमंत देश नाही, आणि या स्पर्धेत तोही आपल्यासारखाच प्रथम उतरला होता. परंतु तेथील महासंघाने मुलींच्या फुटबॉलवर आधी काही वर्षे पैसा आणि श्रम खर्च केले होते. त्याच वर्षीच्या जुलैत त्या देशाच्या महिला संघाने आफ्रिकेच्या अजिंक्यपदाची अंतिम फेरी गाठली होती. गरीब देशालाही हे साधते. मात्र तशी इच्छा असावी लागते.

आपल्याकडे त्या वर्षी काय चालले होते? मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाला फुटबॉल महासंघाचा कारभार प्रशासक समितीकडे सोपवावा लागला. ऑगस्टच्या मध्यास जागतिक संघटनेने भारताला निलंबित केले आणि ही स्पर्धाच हातची जाण्याची वेळ आली. २६ ऑगस्टला निलंबन उठले, तेव्हा स्पर्धेला जेमतेम सात आठवडे उरले होते. खुर्च्यांचा खेळ मोठ्यांनी खेळावा आणि गोल मात्र पोरींनी मोजावेत, असा हा न्याय!

आपल्या संघाची कर्णधार अष्टम उराँव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातील आदिवासी खेड्यातली. ती कर्णधार झाली म्हणून तिच्या गावात तिच्या नावाचा रस्ता बांधण्याचे काम प्रशासनाने काढले, आणि त्याच रस्त्यावर तिचे आईवडील रोजंदारीने राबत होते. लेक विश्वचषकात देशाचे नेतृत्व करते आहे आणि मायबाप तिच्या नावाच्या रस्त्याला मजुरीने हात लावीत आहेत! याला योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही. या देशात श्रमिकांच्या गुणांचा गौरव होतो, पण श्रमिकांची स्थिती पालटत नाही, हेच यातून उघड होते.

ही कथा आपल्याला दूरची वाटू नये. रावेर तालुक्यातही सातपुडा आहे, पालचा परिसर आहे, तडवी आणि पावरा वस्त्या आहेत. डोंगर चढून पाणी आणि सरपण वाहणाऱ्या पोरींच्या पायांत बळ कमी नाही. येथील केळी रेल्वेने दिल्लीपर्यंत पोहोचली. त्या केळीच्या बागांत राबणाऱ्या मजूर बाईची मुलगी मात्र शेजारच्या गावच्या मैदानापर्यंतही पोहोचत नाही. शाळेतून आल्यावर धाकटे भावंड सांभाळायचे, चूल पेटवायची. तिच्या दिवसात खेळाला जागाच ठेवलेली नाही.

पोटाला भाकर नसताना चेंडू कशाला, असे आपल्यातलेच काही कार्यकर्ते विचारतील. त्यांनी आपला इतिहास आठवावा. १९४१ साली राष्ट्र सेवा दल उभे राहिले, तेव्हा त्याच्या शाखांत मुलगे आणि मुली एकत्र खेळू लागले. त्या काळी ती सामाजिक क्रांतीच होती. शेजारच्या फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. साने गुरुजी त्यासाठी खेडोपाडी हिंडले. जे शहरांपुरते राखलेले आहे ते खेड्यात आणायचे, ही या मातीची परंपरा आहे. भाकरीचा लढा हा माणूस म्हणून जगण्याचा लढा आहे, आणि मुलीला निर्भयपणे धावता येणे हा त्या जगण्याचाच भाग आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी एक साधे काम हाती घ्यावे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेसाठी क्रीडांगण सांगितले आहे. आपल्या तालुक्यातील प्रत्येक जिल्हा परिषद शाळा आणि आश्रमशाळा पाहावी. मैदान आहे का, त्यावर अतिक्रमण आहे का, आणि असल्यास त्यावर मुली खेळतात का, याची गाववार यादी करावी. ती यादी ग्रामसभेत मांडावी, गटशिक्षणाधिकाऱ्यांपुढे ठेवावी, आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नये. खेळाचा तास हा कवायतीचा वा झाडलोटीचा तास नव्हे, हेही बजावावे.

नवी मुंबईतील अंतिम सामन्यात ३० ऑक्टोबरला स्पेनने कोलंबियाला १-० असे हरविले आणि चषक घेऊन त्या मुली मायदेशी गेल्या. आपल्याकडे उरला तो आठ गोलांचा हिशेब. तो त्या मुलींकडे मागणे अन्यायाचे आहे. मैदाने ज्यांनी दिली नाहीत त्यांच्याकडे तो मागितला पाहिजे. आणि मैदाने नाहीशी होत असताना जे गप्प बसले, त्यांच्याकडेही.