एकदा होऊन गेला, म्हणून सुटलो नाही

‘आम्हाला करोना होऊन गेला, आता काय होतंय!’ वस्तीत हे आम्ही अजून ऐकतो. २०२१च्या एप्रिल-मेमध्ये डेल्टाने आडवे झालेले कितीतरी जण २०२२च्या जानेवारीत ओमायक्रॉनने पुन्हा तापले. आजारातून किंवा लसीतून आलेली प्रतिकारशक्ती काही महिन्यांत उतरू लागते, आणि विषाणूही रूप बदलतो. पण ती सगळी जात नाही. जिवावर बेतणाऱ्या आजारापासूनचं संरक्षण जास्त टिकतं. तेव्हा ‘लस फुकट गेली’ हे आम्हाला मान्य नाही. धोका जास्त तो म्हाताऱ्यांना, शुगर-किडनीवाल्यांना.

‘वेगळ्या खोलीत राहा’ हा सल्ला खोल्या असणाऱ्यांचा. दहा बाय दहाच्या घरात सहा माणसं असली तर कुठे जायचं? आमचं म्हणणं, वंदना झाली की विहाराला कुलूप कशाला? ताप-खोकलेवाल्याला चार-पाच रात्री तिथे झोपू द्या, खिडक्या उघड्या ठेवा, डबा पोचवा. धाप लागली तर मात्र वाट न बघता दवाखाना गाठा. आणि खाडा नको म्हणून तापातच धुणंभांडी करायला जाणाऱ्या बाईला बोल लावू नका. तिच्या मालकिणीकडे भरपगारी सुट्टी मागायला महिला मंडळाने सोबत जावं.