घटपर्णीची कुंडी आणि श्रावकाचा विवेक

शहरांतील रोपवाटिकांत अलीकडे लांबट सुरया लोंबणारी एक वेल विक्रीस दिसते. तिचे नाव घटपर्णी. पानाच्या टोकाशी तयार होणाऱ्या या घटांत कीटक पडतात, आतील पाचक रसात विरघळतात आणि त्यांतून वेलीला नत्र मिळते. मुलांच्या कुतूहलामुळे ती जैन कुटुंबांतही येऊ लागली आहे. तेव्हा दोन प्रश्न उभे राहतात : तिला लावायचे कशात, आणि तिचे संगोपन आपल्या आचारात बसते काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिच्या मूळ स्थानात आहे. भारतात घटपर्णीची एकच जात निसर्गतः आढळते, ती मेघालयातील गारो, खासी व जैंतिया टेकड्यांत. तेथील मुसळधार पाऊस मातीतील पोषक क्षार धुऊन नेतो. अशा निःसत्त्व भूमीत जगताना या वेलीने अन्न मिळवण्याचे काम पानांवर सोपवले. मुळांना हवा आणि ओलावा एवढेच पुरते. सकस माती त्यांना सोसत नाही. (या जातीला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. रानातून उपटलेले रोप कोणीही घेऊ नये.)

म्हणूनच रोपवाटिकेतील तयार मिश्रण येथे निरुपयोगी ठरते. त्यात बहुधा शेणखत वा गांडूळखत असते, पुष्कळदा बोनमील म्हणजे हाडांचा चुराही असतो. श्रावकाला जे वर्ज्य वाटावे, तेच या वेलीच्या मुळांनाही अपायकारक आहे. झाडाची गरज आणि घरचा आचार येथे सहज जुळतात.

पेच पुढे आहे. जाणकार घटपर्णीसाठी स्फॅग्नम जातीचे शेवाळ किंवा पीट सुचवतात. पीट म्हणजे थंड प्रदेशांतील दलदलीत साचलेले, अर्धवट कुजलेले शेवाळ. त्याचा थर वर्षाला साधारण 1 मिलिमीटर वाढतो. म्हणजे हातभर खोल खणले, की कित्येक शतकांची ठेव उचलली जाते. शेवाळ तर आपल्या शास्त्रात अनंतकाय मानलेले आहे. वाळलेले शेवाळ अचित्त असले, तरी ते जिवंत असतानाच खुडलेले असते, याचा विसर पडू नये.

सुदैवाने पर्याय आपल्या कोकणातच आहे. नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे दोन भाग, परलाइट एक भाग आणि लाकडी कोळशाचे थोडे खडे, एवढ्यात घटपर्णी चांगली वाढते. परलाइट म्हणजे ज्वालामुखीजन्य काच तापवून फुगवलेला हलका पांढरा खडा. तो मिश्रणात हवा खेळती ठेवतो. कोकोपीटचा बारीक भुसा एकटा वापरू नये. तो दबून बसतो आणि मुळे कुजतात. सोडणात मूळचेच क्षार असतात, म्हणून तुकडे दोन-तीन दिवस भिजत घालून, पाणी बदलत, निथळ स्वच्छ येईपर्यंत धुवावेत. कुंडीला तळाशी भोके असावीत आणि ती पाण्यात उभी ठेवू नये. सोडण हळूहळू कुजते, त्यामुळे सुमारे दोन वर्षांनी मिश्रण बदलावे.

पाण्याबाबतही दक्षता हवी. गाळण्याने पाण्यातील सूक्ष्म जीव वेगळे होतात, विरघळलेले क्षार मात्र तसेच राहतात. बोअरवेलचे जड पाणी गाळले तरी या वेलीला चालत नाही. पावसाचे झाकून साठवलेले आणि गाळून घेतलेले, अथवा आरओचे शुद्ध पाणी द्यावे.

आता दुसरा प्रश्न. निर्दोष मिश्रणात लावली, तरी घट कीटकांना ओढणारच. मौज म्हणून मुंगी वा माशी उचलून घटात टाकणे ही उघड संकल्पी हिंसा होय. मुलांना ती कदापि करू देऊ नये. घटाच्या तोंडाशी कापसाचा सैल बोळा बसवला, तर कीटक आत पडत नाहीत. कीटक न मिळाल्याने वाढ मंदावते, परंतु वेल जगते. एवढी दक्षता रोज घेणे जमणार नसेल, तर ती विकत न आणणे हाच श्रेयस्कर मार्ग. वेल तिच्या स्वभावाने वागते; व्रत तिचे नाही, ते घरातील माणसांचे आहे. म्हणून कुंडी भरण्याआधी हा विचार घरातील सर्वांनी मिळून करावा.