सहीमागचा धाक

जानेवारी २०२३ पासून मोपाच्या विमानतळावरून विमाने उडू लागली आणि पेडणे तालुक्यातील जमिनीकडे साऱ्यांच्या नजरा वळल्या. कोरगावसारख्या शेती-बागायतीच्या गावांतही आता जमिनीच्या व्यवहाराची बोलणी ऐकू येतात. त्यांची चर्चा भूमिपुत्रांच्या हक्काच्या अंगाने होते, ती व्हावयासच हवी. पण विक्रीखतावर नवऱ्याच्या सहीखाली जी दुसरी सही असते ती कोणत्या परिस्थितीत झाली, हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही.

गोव्यात आजही लागू असलेल्या १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे, लग्नाआधी निराळा करार केलेला नसेल तर पतिपत्नीची मालमत्ता सामाईक होते व तीत पत्नीचा निम्मा वाटा असतो. तिच्या संमतीवाचून स्थावर विकता येत नाही. आपले पुढारी हे अभिमानाने सांगतात. त्याच संहितेने सामाईक मालमत्तेचा कारभार मात्र नवऱ्याच्या हाती ठेवला आहे, हे त्यांच्या भाषणात येत नाही. तेरेखोल नदीपलीकडून, सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडून येथे सून म्हणून आलेल्या मुलीला तर असा वाटा आपल्याला आहे, याची वार्ताही नसण्याचा संभव अधिक.

मारहाण झाली तर गाव निदान कुजबुजतो. येथे हातच उगारला जात नाही. माहेरचा फोन नवऱ्यादेखत घ्यावयाचा, शेजारी बसलेल्या घटकेचा जाब द्यावयाचा, पगार तिचा पण बँकेचे कार्ड त्याच्या खिशात. निम्म्या घराच्या मालकिणीला बसभाडे मागावे लागते! यातील एकेक गोष्ट सुटी घेतली तर क्षुल्लक; तक्रार केली तर लोक हसतील. बायकोला मुठीत ठेवणे हा तर आपल्याकडे पुरुषार्थच समजला जातो. पण वर्षानुवर्षे हे चालले की तिचा स्वतःच्या निर्णयावरचा भरवसाच उडतो. मग ‘सही कर’ म्हटले की ती करते, उपनिबंधकासमोर ‘होय’ म्हणते आणि व्यवहार बिनचूक ठरतो.

घरचा हिशेब एकाने पाहणे म्हणजे जाच नव्हे. तिने ‘नको’ म्हटल्यावर त्या घरात काय घडते, यावरून ओळखावे.

इंग्लंडने २०१५ साली अशा सततच्या धाकाला स्वतंत्र गुन्हा ठरवून पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. आपल्याकडे २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा मानसिक व आर्थिक छळालाही हिंसाच मानतो. न्यायदंडाधिकारी तिला घरात राहण्याचा हक्क, निर्वाहाचा खर्च व संरक्षणाचा आदेश देऊ शकतात. आदेश मोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. संरक्षण अधिकाऱ्याला खबर शेजारीही देऊ शकतो आणि सद्‌हेतूने दिलेल्या खबरीबद्दल त्याच्यावर बालंट येत नाही. ही तरतूद गावात किती जणांना ठाऊक असेल?

तरीही खबरीची घाई तिला विचारल्यावाचून करू नये. नवऱ्याला परस्पर जाब विचारणारा हितचिंतक आपल्या घरी परततो. तिला तेथेच रात्र काढावयाची असते. ती घर सोडू पाहते तोच काळ सर्वांत धोक्याचा असतो. ‘संसार आहे, सोस थोडे’ हा उपदेश जितका वाईट, तितकाच ‘आजच्या आज बाहेर पड’ हाही. तिचे म्हणणे खरे मानावे, येणेजाणे तुटू देऊ नये, तिच्या कागदपत्रांच्या नकला सांभाळाव्यात, १८१ हा महिला मदतीचा क्रमांक तिच्या कानी घालावा. माहेरच्यांनी दार उघडे असल्याचे तिला एकदा तरी स्पष्ट सांगावे. आमच्या अनुभवात नेमके हेच राहून जाते.

आणि सरकारने? विक्रीखताची नोंदणी करताना पत्नीला नवरा व दलाल यांच्यापासून बाजूला घेऊन, तिला कळेल अशा कोकणीत वा मराठीत व्यवहार सांगावा, आणि तिच्या निम्म्या वाट्याची रक्कम तिच्या एकटीच्या खात्यात जमा झाल्यावाचून दस्त पुरा होऊ नये, असा नियम करावा.