पापुअनांचा कौल कोणी घेतला?

न्यूयॉर्क येथे १५ ऑगस्ट १९६२ रोजी नेदरलंड्स व इंडोनेशिया यांच्यात पश्चिम न्यूगिनीबाबत करार झाला, तेव्हा युद्ध टाळणारी मुत्सद्देगिरी म्हणून त्याची मोठी वाखाणणी झाली. युद्ध टळले हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्यांच्या भूमीचा तो व्यवहार होता, त्या सात-आठ लक्ष पापुअनांची त्या कागदावर सहीच नव्हती. सीमेवर आयुष्य काढणाऱ्या आमच्या वाचकांच्या ध्यानी हीच गोष्ट प्रथम येईल.

१९४९ साली डचांनी इंडोनेशियाला सार्वभौमत्व दिले, पण हा मुलूख मागे ठेवला. त्याचा निर्णय वर्षभरात वाटाघाटींनी व्हावयाचा होता; तो एक तप रेंगाळला. डचांना पापुअनांच्या स्वयंनिर्णयाचा उमाळा आला तो फार उशिरा. १९६१ च्या एप्रिलमध्ये न्यूगिनी कौन्सिल भरले आणि १ डिसेंबरला डच निशाणाशेजारी पापुअनांचे निशाण चढले. पुढे अठराच दिवसांनी, म्हणजे गोव्यातील पोर्तुगीज अंमल संपला त्याच १९ डिसेंबरला, सुकार्णोंनी योग्यकार्ता येथून हा प्रदेश जिंकण्याचा हुकूम सोडला. साम्य तारखेपुरतेच, गोव्याच्या भूमीवर हक्क सांगणारा पोर्तुगाल परका होता. येथे मात्र दोन दावेदारांच्या मध्ये एक तिसरीच जमात उभी होती, आणि तिला विचारण्याची निकड दोघांनाही भासली नाही.

इंडोनेशियाच्या हाती रशियाने दिलेली लढाऊ जहाजे व बाँबफेकी विमाने होती. नेमकी हीच गोष्ट वॉशिंग्टनला बोचली. नेदरलंड्स अमेरिकेचे दोस्त राष्ट्र खरे. पण जकार्ता साम्यवाद्यांच्या गोटात जाऊ नये या चिंतेपुढे दोस्ती फिकी पडली. फेब्रुवारी १९६२ मध्ये रॉबर्ट केनेडी जकार्ता व हेग येथे जाऊन आले, एप्रिलमध्ये अध्यक्ष केनेडींनी डच पंतप्रधान द क्वाय यांना खलिता धाडला, आणि एल्सवर्थ बंकर यांनी व्हर्जिनियातील मिडलबर्ग येथे बसून मसुदा जुळविला. लहान मित्राला मागे सरकावयास सांगणे मोठ्या शत्रूशी भिडण्यापेक्षा स्वस्त पडते, हा हिशेब त्यात उघड दिसतो. आणि लहान मित्राने सोडावयाचे होते तेही त्याचे नव्हतेच!

१ ऑक्टोबर १९६२ पासून सात महिने कारभार संयुक्त राष्ट्रसंघाकडे होता. युद्धविरामावर देखरेख करणाऱ्यांचे प्रमुख भारताचे ब्रिगेडियर इंदरजित रिखी, तर सुरक्षेचे सैन्य पाकिस्तानचे. १ मे १९६३ रोजी प्रदेश इंडोनेशियाच्या स्वाधीन झाला.

करारात एक कलम चांगले होते. आंतरराष्ट्रीय प्रघातानुसार साऱ्या प्रौढ स्त्री-पुरुषांना कौलात भाग घेता यावा, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. प्रत्यक्षात १९६९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये इंडोनेशियाने निवडलेल्या एक हजार पंचवीस प्रतिनिधींच्या सभा भरविण्यात आल्या. मतपेटी नाही, गुप्त मतदान नाही. सैन्याच्या छायेत सर्वांनी एकमुखाने इंडोनेशियात राहण्याचा निर्णय दिला. एवढ्या मोठ्या मुलखात एकही माणूस विरुद्ध नसावा, यावर कोणाचा विश्वास बसेल? तेथील तांब्याच्या खाणीचा अमेरिकन कंपनीशी करार तर त्यापूर्वी दोन वर्षे, १९६७ सालीच झाला होता. कौल काय लागणार, हे धंदेवाल्यांना मुत्सद्द्यांइतकेच ठाऊक असावे.

त्याच १९६७ च्या १६ जानेवारीला गोव्यात जनमतकौल झाला. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० व विरुद्ध १,७२,१९१ मते पडली. तो निकाल आम्हा मंडळींना लागला, आजही लागतो. पण प्रत्येक मतदाराने आपल्या हाताने मत टाकले होते, आणि म्हणून हरलेल्या पक्षालाही आपली मते मोजून दाखविता येतात. पापुअनांपाशी मोजून दाखवावयास काहीच नाही.

नोव्हेंबर १९६९ मध्ये आमसभेने ८४ विरुद्ध शून्य मतांनी निकालाची नोंद घेतली; तीस राष्ट्रे तटस्थ राहिली. खुद्द राष्ट्रसंघाचे प्रतिनिधी ऑर्टिझ सान्झ यांच्या अहवालात शंका नमूद होत्या, त्यांकडे बहुतेकांनी काणाडोळा केला. त्या काळी राष्ट्रसंघाचे उपमहासचिव असलेले आपले चक्रवर्ती नरसिंहन यांनी २००१ साली तो सारा प्रकार म्हणजे रंगसफेदी होती असे वृत्तसंस्थेला सांगितले. २०२२ साली जकार्ताने त्या भूमीचे सहा प्रांत केले.